सोडियम पोटॅशियमपेक्षा लहान, मग पोटॅशियमच्या चॅनलमधून तो जात का नाही?

पानकोपरा

नमस्कार मंडळी. बीएस्सी पहिलं वर्ष. पेशीपटलातून रेणू कसे आतबाहेर जातात हा धडा तिसऱ्यांदा वाचतेय. विसरण, परासरण, सुकर विसरण, सक्रिय वहन सगळ्याच्या व्याख्या पाठ आहेत, कुणी विचारलं तर घडाघडा म्हणून दाखवेन, पण मनात चित्रच उभं राहत नाहीये.

शाळेत शिकवलेलं की पटल म्हणजे एक प्रकारची चाळणी, लहान रेणू जातात मोठे अडकतात. मी तेच धरून बसले होते. आता आकडे बघितले तर सोडियमचा अणुभार २३, टेस्टोस्टेरॉनचा रेणुभार २८८, आणि टेस्टोस्टेरॉन सरळ पटलातून आत जातं नि सोडियम बाहेर थांबतो. हे कसं काय?

त्यापुढे अजून वाईट. पोटॅशियम चॅनलमधून (चॅनल म्हणजे पटलात बसलेली प्रोटीनची नळी) पोटॅशियम जातो, सोडियम जवळजवळ जातच नाही, आणि सोडियमची त्रिज्या ०.०९५ नॅनोमीटर, पोटॅशियमची ०.१३३. म्हणजे दार मोठ्याला उघडं आणि लहानाला बंद! वर्गात विचारलं तर "सिलेक्टिव्ह असतं म्हणून" असं उत्तर मिळालं, ते तर प्रश्नच पुन्हा सांगितल्यासारखं झालं.

आणि तिसरं, ग्लुकोज सोडियमबरोबर आत येतं त्याला सक्रिय वहन म्हणतात, पण त्या प्रोटीनला एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) लागत नाही असंही लिहिलंय. मग सक्रिय कसलं?

कुणी नीट समजावून सांगेल का, लांबलचक लिहिलं तरी चालेल, मी वाचेन.

पेशीवेडी

अगदी योग्य ठिकाणी अडकलीयेस, आणि "चाळणी" हा शब्द आधी डोक्यातून काढून टाक, तुझे पहिले दोन्ही प्रश्न त्या एका शब्दामुळे तयार झालेत. पटलाला भोकं नाहीत. लिपिडच्या (म्हणजे स्निग्ध) रेणूंचे दोन थर, शेपट्या आत डोकी बाहेर, एकूण जाडी साधारण ५ नॅनोमीटर, आणि मधला सगळा भाग तेलकट. त्यामुळे प्रश्न "केवढा आहेस" हा नसून "पाणी सोडून तेलात उतरायला तुला किती जड जातं" हा आहे.

आता सोडियम आयन (म्हणजे प्रभार असलेला अणू) पाण्यात एकटा कधीच नसतो. त्याच्यावर धन प्रभार, पाण्याच्या रेणूतल्या ऑक्सिजनवर थोडा ऋण प्रभार, त्यामुळे पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी चिकटून बसतात, ऑक्सिजनची बाजू आयनकडे करून. पुस्तकात जो ०.०९५ आकडा आहे तो उघड्या आयनचा आहे, आणि उघडा आयन पाण्यात सापडतच नाही. तेलात उतरायचं तर हा वेढा सोडावा लागतो आणि तेलात त्याच्या बदल्यात काहीच मिळत नाही. सोडियमचं सगळं पाणी काढायला मोलमागे ४०० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेव, पेशीतल्या एक मोल एटीपीच्या विघटनातून साधारण ५० किलोज्यूल मिळतात. मग सोडियम बाहेर का थांबतो ते दिसतं. नुसतं लिपिडचं पटल बनवून मोजलं तर पाण्याच्या मानानं सोडियम-पोटॅशियम त्यातून जवळपास एक अब्जपट कमी जातात. एक अब्जपट! चाळणीच्या कल्पनेत हा आकडा बसवून बघ, बसत नाही.

टेस्टोस्टेरॉन मोठं आहे खरं, पण त्याच्यावर प्रभार नाही आणि ते मुळातच कार्बन-हायड्रोजनचं तेलकट अंग आहे. त्याला पाण्यातच अवघडल्यासारखं असतं, तेल दिसलं की ते आपण होऊन शिरतं. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड यांनाही अडचण नाही. ग्लुकोज रेणुभार १८०, टेस्टोस्टेरॉनपेक्षा लहान आहे पण अंगावर पाच ओएच गट, ते पाण्याला धरून बसलेले, म्हणून ग्लुकोजला मदत लागते. बघ, आकाराचा क्रम एक आणि आत जाण्याचा क्रम वेगळाच.

आता पोटॅशियम चॅनल. तिथेही गोष्ट तीच आहे, पाणी सोडायचं आणि बदल्यात काय मिळतं ते बघायचं. चॅनलच्या सगळ्यात अरुंद भागाला सिलेक्टिव्हिटी फिल्टर म्हणतात, चार सारखे प्रोटीनचे तुकडे गोलाकार उभे राहून तो बनतो आणि त्यांच्या कण्यातले ऑक्सिजन अणू आत तोंड करून असतात. पोटॅशियम आत येताना अंगावरचं पाणी सोडतो आणि लगेच आठ ऑक्सिजन त्याला घेरतात, जवळजवळ तेवढ्याच अंतरावर जेवढ्या अंतरावर पाण्याचे ऑक्सिजन होते. त्याच्या दृष्टीनं फारसं काही बदललंच नाही, गमावलं तेवढं मिळालं. सोडियम लहान, तो त्या चौकटीत उभा राहिला तर सगळे ऑक्सिजन त्याच्यापासून थोडे लांब पडतात, एकाला बिलगला तर समोरचा सुटतो. पाणी सोडण्याची किंमत पोटॅशियमपेक्षा त्याला जास्त (पोटॅशियमची साधारण ३२० किलोज्यूल) आणि भरपाई अपुरी. म्हणून तो पाण्यातच राहणं पसंत करतो. दार बंद नाहीये, आत येणं त्याला परवडत नाही.

हे नुसतं तर्कानं सांगितलेलं नाही बरं का, रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूच्या पोटॅशियम चॅनलची क्ष-किरणांनी रचना काढली आणि त्यात ते ऑक्सिजन आणि मधले पोटॅशियम आयन प्रत्यक्ष दिसले, २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठी. मी ते चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा खूप वेळ बघतच बसले होते, इतकं साधं उत्तर इतकी वर्षं दिसत नव्हतं.

तिसरा प्रश्न रात्री लिहिते, किंवा दुसरं कुणी लिहा.

लायपोसोमवाला

पेशीवेडी ताईंनी मस्त लिहिलंय, एक दुरुस्ती आणि एक भर.

दुरुस्ती अशी की चौकट ताठ असते आणि सोडियम तिच्यात "सैल" पडतो हे चित्र सुरुवातीला धरायला ठीक, पण त्यावर फार भार टाकू नये. दोघांच्या त्रिज्येतला फरक ०.०४ नॅनोमीटरसुद्धा नाही आणि शरीराच्या तापमानाला प्रोटीनमधले अणू त्याहून जास्त थरथरत असतात. म्हणजे चौकट आकसून सोडियमला धरू शकली असती. निवड टिकते त्यात ऑक्सिजन किती आहेत, ते एकमेकांना किती दूर ढकलतात, त्यांची ओढ पाण्याच्या मानानं किती, याचाही मोठा वाटा आहे. शेवटचा हिशोब तोच राहतो, पाणी सोडल्याची किंमत वजा मिळालेली भरपाई, फक्त भूमितीवर सगळं सोडू नका एवढंच.

भर म्हणजे व्हॅलिनोमायसिन. स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू बनवतात तो रेणू. आकारानं छोटा, चॅनल वगैरे काही नाही, नुसतं एक कडं. कड्याच्या आतल्या बाजूला सहा ऑक्सिजन पोटॅशियमला धरतात आणि बाहेरची बाजू पूर्ण तेलकट. मी लायपोसोमवर काम करायचो, म्हणजे लिपिडचे पोकळ गोळे, आत पोटॅशियमचं द्रावण आणि बाहेर सोडियमचं. प्रोटीन एकही नाही. तासन् तास ठेवा, पोटॅशियम आतच. मग त्यात व्हॅलिनोमायसिनचे काही थेंब टाकले की पोटॅशियम बाहेर पडायला लागतो, सोडियम आपल्या जागी, आणि पोटॅशियम प्रभार घेऊन निघाल्यामुळे गोळ्याच्या आत ऋण विभव तयार होतं, रंगद्रव्य घातलेलं असेल तर ते डोळ्यांसमोर बदलताना दिसतं. मी हा प्रयोग कितीतरी वेळा केलाय आणि दर वेळी तो बदल बघायला थांबलोय. पोटॅशियमला पाण्याच्या जागी दुसरे ऑक्सिजन दिले, वरून तेलाचा अंगरखा घातला, झालं, तो पटलातून निघाला. याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

पानकोपरा

अरे देवा, म्हणजे "बदल्यात काय मिळतं" हा एकच प्रश्न दोन्हीकडे विचारायचा! मी दोन वेगळे नियम समजत होते, एक पटलाचा एक चॅनलचा. ताई, दादा, खूप खूप आभार.

पण मग सोडियमचे पण चॅनल असतात ना? आणि पाणी? पाणी तर पटलातून जातंच म्हणता, मग ॲक्वापोरिन, म्हणजे पाण्याचे चॅनल, कशाला?

पेशीवेडी

सोडियम चॅनलचं तोंड जास्त रुंद असतं आणि सोडियम त्यातून अंगावरचं थोडं पाणी तसंच ठेवून जातो. म्हणजे तिथे सगळं पाणी काढायची अटच नाही, आणि वाटेत ऋण प्रभाराची अमिनो आम्लं त्याला ओढायला असतात. युक्ती वेगळी, हिशोब तोच.

पाण्याचं म्हणशील तर हो, ते लिपिडमधून झिरपतं, पण झिरपणं आणि वाहणं यात फरक आहे. लाल रक्तपेशी आणि मूत्रपिंडाच्या काही पेशींतून पाणी इतक्या झपाट्यानं जातं की ते नुसत्या लिपिडमधून शक्य नाही असा संशय लोकांना फार आधीपासून होता, प्रोटीन मात्र सापडत नव्हतं. पीटर ॲग्रे आरएच रक्तगटाच्या प्रोटीनवर काम करत होते आणि त्यांच्या नमुन्यात २८ किलोडाल्टनचं एक अनोळखी प्रोटीन सारखं येत होतं. ते कशाचं आहे हे तपासायला १९९२ मध्ये त्याचा आरएनए बेडकाच्या अंडपेशीत घातला. बेडकाची अंडपेशी पाण्यात फुगत नाही, तळ्यातच तर असतात ती, पण या अंडपेशी कमी क्षाराच्या द्रावणात ठेवल्या तर काही मिनिटांत फुगून फुटल्या. शेजारच्या साध्या अंडपेशी जशाच्या तशा. २००३ चं तेच नोबेल मॅकिनन आणि ॲग्रे यांना मिळून आहे.

एका ॲक्वापोरिनमधून सेकंदाला साधारण तीन अब्ज पाण्याचे रेणू जातात, एकामागोमाग एका रांगेत. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की एवढं पाणी जातं पण प्रोटॉन (हायड्रोजनचा धन आयन) जात नाही. पाण्यात प्रोटॉन खरं तर फार सहज सरकतो, एका रेणूवरून शेजारच्यावर, हातोहात. रांगेनं पाणी असलेली नळी म्हणजे प्रोटॉनला आयतीच वाट मिळाली असती. पण नळीच्या मधोमध धन प्रभाराचा अडसर आहे, तिथे प्रोटॉनला पुढे सरकता येत नाही, आणि तिथल्याच दोन ॲस्परॅजिन या अमिनो आम्लांना धरताना पाण्याचा रेणू कूस बदलतो. हे असं नसतं तर पेशी पाणी घेताना प्रोटॉनचा आतबाहेरचा फरक गमावून बसली असती, आणि पेशीतले मायटोकाँड्रिया एटीपी बनवतात ते त्यांच्या स्वतःच्या आतल्या पटलाच्या दोन बाजूंमधल्या अशाच फरकाच्या जोरावर.

मीठपाणी

तिसऱ्या प्रश्नाचं मी लिहितो, शरीरक्रियाशास्त्र शिकवतो आणि दर वर्षी निम्मा वर्ग इथेच अडखळतो.

आधी "सक्रिय" शब्दाचा अर्थ. एटीपी लागतं का, यावरून तो ठरत नाही. रेणू उताराच्या दिशेनं चाललाय की चढावर, यावरून ठरतो. ग्लुकोज बाहेर कमी आणि आत जास्त असतानाही आत येत असेल तर ते चढावर चाललंय, मग त्याला कुणीतरी ढकलतंय हे नक्की, आणि ढकलणारा कोण हा पुढचा प्रश्न. एटीपीनं थेट ढकललं तर प्राथमिक सक्रिय वहन, दुसऱ्या कुणाच्या उतारानं ढकललं तर दुय्यम.

उतार बनवतो सोडियम-पोटॅशियम पंप. येन्स स्को यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करताना तो ओळखला, नोबेल मिळालं १९९७ मध्ये, चाळीस वर्षांनी. एका एटीपीमागे तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. आतल्या बाजूनं तीन सोडियम बसले की एटीपीतला फॉस्फेट पंपाच्याच एका ॲस्पार्टेट या अमिनो आम्लाला चिकटतो, पंप आकार बदलतो, आतलं तोंड मिटतं मग बाहेरचं उघडतं, सोडियम सुटतात, दोन पोटॅशियम बसतात, फॉस्फेट गळतो, पंप परत पहिल्या आकारात येतो. दोन्ही तोंडं एकाच वेळी कधीही उघडी नसतात, हे नीट लक्षात ठेवा कारण चॅनल आणि पंपातला खरा फरक हाच. चॅनल उघडलं की आरपार वाट असते, म्हणून पोटॅशियम चॅनलमधून सेकंदाला दहा कोटींपर्यंत आयन जातात. पंपाला दर खेपेला अख्खं अंग हलवावं लागतं, म्हणून सेकंदाला शंभरेक फेऱ्या. विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढी ऊर्जा वापरतं त्यातला पाचवा ते चौथा हिस्सा या एकट्या पंपावर जातो, मेंदूच्या पेशींत तर त्याहून खूप जास्त. काही न करता नुसतं पडून राहिलं तरी हा खर्च चालूच.

याचा परिणाम असा की सोडियम बाहेर १४५ मिलिमोलर आणि आत १२ च्या आसपास, म्हणजे ढोबळमानानं दहापट. शिवाय आतली बाजू बाहेरच्या मानानं ऋण, ६० मिलिव्होल्ट धरू. आता वहीत करून बघा. ३७ अंशाला ६० मिलिव्होल्ट म्हणजे एका धन आयनला अजून दहापटीचा उतार. दहा गुणिले दहा, एक सोडियम आत पडताना शंभरपट उताराचा जोर देतो. आतड्यातलं एसजीएलटी१ नावाचं प्रोटीन एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम घेतं, मग शंभर गुणिले शंभर, दहा हजार. म्हणजे गळती वगैरे काही नसेल तर हे प्रोटीन ग्लुकोज आत दहा हजारपट साठेपर्यंत ओढू शकतं, एटीपीला हात न लावता. एटीपी आधीच खर्च झालंय, पंपाकडे, पेशीच्या दुसऱ्या बाजूला.

दोघे एकाच प्रोटीनमधून आणि बरोबरच जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत मांडली. त्या आधी साखर आणि सोडियम यांचा संबंध आहे हे दिसत होतं पण कसा ते जुळत नव्हतं.

आणि ग्लट नावाची प्रोटीनं (लाल पेशीतलं ग्लट१, स्नायूतलं इन्सुलिनच्या सांगण्यावरून वर येणारं ग्लट४) ही ग्लुकोजला फक्त उताराच्या दिशेनं नेतात, ते सुकर विसरण. साध्या विसरणाहून ते वेगळं कसं ओळखायचं असा प्रश्न परीक्षेत हमखास असतो: बाहेरचं ग्लुकोज वाढवत नेलं की साधं विसरण सरळ रेषेत वाढत जातं, ग्लट मात्र एका वेगाला पोचून थांबतं कारण प्रोटीनं मोजकी आहेत. दुसरी खूण म्हणजे डी-ग्लुकोज ते पटकन घेतं आणि त्याचंच आरशातलं रूप एल-ग्लुकोज जवळजवळ घेत नाही. लिपिडला डावं-उजवं कळत नाही, प्रोटीनला कळतं.

रात्रपाळी

मीठपाणी सरांचा हिशोब वाचून राहवलं नाही. मी डॉक्टर आहे, वॉर्डात हेच सगळं रोज डोळ्यांसमोर असतं.

कॉलऱ्यात विष काय करतं तर आतड्याच्या पेशीतलं क्लोराइडचं चॅनल उघडंच ठेवतं, क्लोराइड बाहेर, मागोमाग सोडियम आणि पाणी, माणूस काही तासांत कोरडा पडतो. पण एसजीएलटी१ ला त्या विषाचा धक्का लागत नाही. ते चालूच असतं. म्हणून नुसतं पाणी किंवा नुसतं मिठाचं पाणी पाजून भागत नाही, बरोबर ग्लुकोज दिलं की सोडियम आत येतो आणि त्याच्यामागे पाणी. आत्ता वापरात असलेल्या ओआरएसमध्ये सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरमागे ७५ मिलिमोल असतात ते काही उगाच नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण ड्रममध्ये भरून नातेवाइकांच्या हाती दिलं, मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ३.६ टक्क्यांवर आलं. एका ट्रान्सपोर्टरच्या, म्हणजे वाहून नेणाऱ्या प्रोटीनच्या, दोन जागांनी एवढी माणसं वाचवली. विद्यार्थ्यांना हा धडा शिकवताना ही गोष्ट सांगत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

अजून एक. मूत्रपिंडात दिवसाला साधारण १८० ग्रॅम ग्लुकोज गाळलं जातं आणि जवळजवळ सगळं परत घेतलं जातं, त्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास एसजीएलटी२ कडून. मधुमेहाची ग्लिफ्लोझिन गटातली औषधं याच प्रोटीनला अडवतात, मग जादा साखर लघवीतून निघून जाते. या औषधांचा मूळ धागा फ्लोरायझिन, सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळं केलेलं.

आणि साठवलेल्या रक्ताच्या पिशवीत दिवसागणिक बाहेरचा पोटॅशियम वाढत जातो, कारण थंडीत पंप जवळपास झोपतो पण गळती चालूच राहते. नवजात बाळाला जास्त रक्त द्यायचं असेल तर आम्ही ताजी पिशवी मागतो त्याचं एक कारण हेच.

अनवाणी_वाचक

मी विज्ञानातला नाही पण धागा पूर्ण वाचला. एक शंका, प्रोटीनसारखे मोठे रेणू मग कसे जातात? त्यांना तर चॅनल पुरणार नाही.

लायपोसोमवाला

त्यांना पटलच गुंडाळून नेतं. पटलाचा खळगा होतो, खोल होतो, तोंड मिटतं आणि पिशवी आत सुटते. बाहेर पाठवायचं तर उलट, आतली पिशवी पटलाला जुळते आणि उघडते. एलडीएल कोलेस्टेरॉल असंच आत येतं, ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ मध्ये त्याच्या रिसेप्टरच्या कामासाठी नोबेल मिळालं, पिशव्या नेमक्या जागी कशा पोचतात यासाठी २०१३ मध्ये रॉथमन, शेकमन आणि झ्यूडोफ यांना.

पण एक गंमत बघा, पिशवीत बसून आत आलेली गोष्ट पटल ओलांडून आलेलीच नसते. पिशवीचं आतलं पाणी म्हणजे अजून बाहेरचंच पाणी, फक्त त्याच्याभोवती पटल आलंय. खऱ्या अर्थानं पेशीद्रवात उतरायचं तर पिशवीच्या भिंतीतून परत कुठलातरी ट्रान्सपोर्टर लागतोच. बरेचसे विषाणू आत येतात ते असेच पिशवीतून आणि त्यांचं खरं काम त्यानंतर सुरू होतं, ती पिशवी फोडून किंवा तिच्या भिंतीत विरघळून बाहेर कसं पडायचं.

पानकोपरा

मी सरांचा हिशोब वहीत केला, दहा हजार आलं! आता माझ्या शब्दांत सांगते, चुकलं तर सांगा. आतड्याच्या पेशीत पोकळीकडच्या बाजूला एसजीएलटी१, ते सोडियमच्या उतारावर ग्लुकोज आत घेतं. आत आलेला सोडियम रक्ताकडच्या बाजूचा पंप बाहेर टाकतो. ग्लुकोज आत साठतं. म्हणजे पंप बंद पडला की त्याच क्षणी ग्लुकोज आत येणं बंद, बरोबर?

मीठपाणी

सगळं बरोबर, दोन ठिकाणी थांबा. ग्लुकोज आत साठून राहत नाही, रक्ताकडच्या बाजूला ग्लट२ असतं, आत जास्त झालेलं ग्लुकोज तिथून उतारानं रक्तात जातं. एकाच पेशीच्या दोन बाजूंना वेगवेगळी प्रोटीनं आहेत म्हणून तर ग्लुकोज एका दिशेनं पुढे सरकतं. दोन्हीकडे तीच असती तर पेशी नुसती भरली असती.

आणि "त्याच क्षणी" नाही. पंप थांबला तरी उतार शिल्लक असतो, तो ओसरेपर्यंत ग्लुकोज येत राहतं, हळूहळू कमी होत जातं. पूर्ण बंद पडायचीही गरज नाही. डिजॉक्सिनचं उदाहरण घ्या, हे औषध हृदयाच्या पेशीतले थोडेसेच पंप अडवतं. आत सोडियम किंचित वाढतो, उतार किंचित कमी होतो. त्याच उतारावर चालणारं दुसरं एक प्रोटीन आहे, तीन सोडियम आत घेऊन एक कॅल्शियम बाहेर टाकणारं, ते मंदावतं. कॅल्शियम आत थोडा जास्त उरतो आणि हृदयाचा ठोका जोरकस होतो. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह वनस्पतीचा हा गुण लिहून ठेवला, त्यात पंपाचा हात आहे हे कळायला पुढची जवळपास पावणेदोनशे वर्षं गेली. मात्रा जरा चुकली तर हेच औषध जिवावर येतं, कारण उतार सगळ्यांचा सामायिक आहे.

आता वहीत अजून एक करा: मूत्रपिंडातलं एसजीएलटी२ एका ग्लुकोजबरोबर एकच सोडियम घेतं. तेच आकडे धरून ते किती पटीपर्यंत ओढेल, आणि नळीच्या सुरुवातीला, जिथे ग्लुकोज भरपूर आहे, तिथे हे आणि शेवटी, जिथे थोडंच उरलंय, तिथे दोन सोडियमवालं एसजीएलटी१ का ठेवलं असेल?

पानकोपरा

एक सोडियम म्हणजे शंभरपट. सुरुवातीला ग्लुकोज भरपूर, चढ कमी, तिथे शंभर पुरतं आणि एकाच सोडियममध्ये काम होतं म्हणजे पंपाचा खर्च निम्मा. शेवटी नळीत जेमतेम उरलेलं असतं, ते काढायला चढ फार, तिथे दहा हजारवालं लागणार. असंच ना?

मीठपाणी

असंच.